वाघाच्या दारातले पाहुणे

“सर, आपने शेर को देखा. लेकिन शेर ने आपको देखा क्या?”

२०१९ च्या जून महिन्यात, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, सातवीच्या वर्गात एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि वर्ग हसला. आम्हीही हसलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जंगल पाहून आलो होतो, वाघीण पाहून आलो होतो, आणि ती हकिगत मुलांना रंगवून सांगत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. उर्दूत वाघालाही शेर म्हणतात आणि गझलेतल्या दोन ओळींनाही शेर. मागच्या बाकावरच्या एकाने “कौन सा शेर सर, गालिब का?” असे म्हणून आधीच हशा वसूल केला होता. त्यामुळे या मुलीचा प्रश्नही आम्ही विनोदातच जमा केला. “हाँ, देखा ना,” असे म्हणून धडा पुढे नेला.

उत्तर खोटे नव्हते. वाघिणीने आम्हाला पाहिले होते. पण ती कशी पाहत होती, आणि तिने तसे का पाहावे असे आम्ही काय केले होते, हे आम्ही वर्गात सांगितले नाही. ते आज लिहितो आहोत.

आमच्या मोहल्ल्यात सहलीला जाणे म्हणजे नागपूरच्या ताजबागला उरुसाला जाणे, किंवा कुणाच्या लग्नाला निघालो असताना वाटेत एखादे धरण पाहून घेणे. पैसे मोजून जंगल पाहायला जाणे ही गोष्ट पुष्कळांना चैनीची वाटते, काहींना वेडेपणाचीही. “शेर देखने को पैसे? शेर तो खुद गाँव में आ रहे,” असे आमचे एक चुलते म्हणाले होते. त्यांच्या या वाक्याकडे पुढे यायचे आहे. तरीही शिक्षकांच्या दोन कुटुंबांनी पैसे साठवले, एक जिप्सी नोंदवली आणि मे महिन्यात आम्ही सहा जण विदर्भातल्या एका जंगलाच्या फाटकावर दुपारच्या फेरीला उभे राहिलो. फाटकाचे नाव लिहीत नाही. ज्या दोन माणसांची गोष्ट पुढे येणार आहे त्यांची रोजी त्या फाटकावर आहे.

गाइड जवळच्याच गावचा तरुण होता. गाडी सुटण्यापूर्वी त्याने सूचना दिल्या. खाली उतरायचे नाही, ओरडायचे नाही, काही फेकायचे नाही, जनावर दिसले तर गाडी अंतरावर थांबेल. आम्ही वर्गात मुलांना ज्या सुरात सूचना देतो नेमक्या त्याच सुरात तो बोलत होता, आणि आम्हीही मुलांसारखेच अर्धे ऐकत होतो.

पहिले दोन तास सांबर, चितळ, एक रानगवा आणि पुष्कळ धूळ. आमच्यातील एक जण घड्याळ पाहू लागला. मग कुठेतरी वानर खाकरले, गाइडने हात वर केला, चालकाने गाडी दामटली, आणि एका रपट्याजवळ पोहोचलो तेव्हा चार गाड्या आधीच उभ्या होत्या. नाल्यात थोडे पाणी उरले होते आणि त्या पाण्याच्या काठाशी वाघीण बसली होती. म्हणजे ती तिथे बसली आहे असे पुढच्या गाड्यांतील लोक म्हणत होते. आम्हाला दिसत होते ते पुढच्यांचे पाठमोरे शर्ट.

“भाऊ, थोडी पुढे घ्या ना,” आम्ही म्हणालो.

“सर, पुढे जागा नाही जी. नियम नाही.”

“अहो, इतक्या लांबून आलो आहोत. पाचशे देतो.”

त्याने गाइडकडे पाहिले. गाइडने दुसरीकडे पाहिले. चालकाने गाडी रस्त्याच्या कडेला, वाळक्या गवतावर घातली आणि चार गाड्यांना वळसा घालून रपट्याच्या तोंडाशी नेऊन लावली. आम्ही गेलो म्हणून दुसरी एक गाडी आली, तिच्यामागे आणखी एक. वाघीण उठली. तिला रपटा ओलांडून पलीकडे जायचे होते, हे तेव्हा आम्हाला कळले नाही. ती दोन पावले आली, थांबली, उजवीकडे वळली, तिथेही गाडी होती. मग तिने आमच्याकडे पाहिले. पंधरा-वीस फुटांवरून. तिने दात दाखवले, घशातून एक आवाज काढला आणि आल्या वाटेने वर झुडपांत निघून गेली. आम्हाला उत्तम फोटो मिळाला. परत येताना गाइड हळूच म्हणाला, “पिलू त्या बाजूला होते सर.”

या लेखात आम्ही ‘आम्ही’ असे लिहीत आहोत. लेखात तशी पद्धतच असते, आणि गाडीत आम्ही सहा जण होतोही. पण पाचशेची नोट आमच्या स्वतःच्या खिशातून गेली होती, तेव्हा त्या एका जागी या अनेकवचनाच्या आड उभे राहता येणार नाही.

जुलैमध्ये कानावर आले की त्या दिवसाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरला आणि आमचा चालक व गाइड दोघांनाही फाटकावरून काही आठवडे उतरवण्यात आले. आमचे नाव कुठेही नव्हते. ते कोण शोधणार? एका रविवारी मोटारसायकल काढून आम्ही गाइडच्या गावी गेलो. तो बांधीत धानाची रोवणी करत होता. चालक कामाच्या शोधात नागपूरला गेला होता. आम्ही माफी मागितली आणि खिशातले पाकीट पुढे केले. ते त्याने घेतले नाही. “तुमची का गलती जी सर,” तो म्हणाला, “तुमी त पाव्हने होते.” मग त्याच्या आईने आम्हाला कोरा चहा दिला.

‘पाव्हने’ हा शब्द त्याने टोचण्यासाठी वापरला नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच तो शब्द अजून जात नाही. पाहुण्याने काय केले होते? यजमानाच्या घरी जाऊन, त्याच्या नोकराला पैसे चारून, ज्या खोलीत शिरू नये तिथे शिरकाव केला होता. हे एखाद्या माणसाच्या घरी घडले असते तर आम्ही त्याला काय नाव दिले असते, ते वाचकांना सांगायला नको.

सफारी हा शब्द आपल्या ‘सफर’चा सख्खा आहे. अरबीतला सफर पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत गेला आणि तिथून इंग्रजीमार्गे जगभर फिरून पुन्हा आपल्याकडे जिप्सीत बसून आला. वाटेत तो बंदुकीच्या संगतीत राहिला. पूर्वी सफारी म्हणजे शिकार होती. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपवली, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात आपला मेळघाट पहिल्या नऊंत होता. बंदूक जाऊन कॅमेरा आला ही मोठीच गोष्ट झाली, ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण शिकाऱ्याच्या मनातली एक गोष्ट कॅमेऱ्याबरोबर तशीच चालत आली, असे आम्हाला वाटते. रिकाम्या हाताने परतणे म्हणजे हार, ही ती गोष्ट. जंगलातून परतणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात? “वाघ दिसला का?” नाही म्हटले की विचारणारा हळहळतो, जणू कुणी फसवले.

येथे मूळ प्रश्न असा की तिकिटाने आपल्याला नेमके काय मिळते. गाडीतील एक जागा मिळते, गाइडचा वेळ मिळतो, ठरलेल्या रस्त्यांवरून ठरलेल्या वेळेत फिरण्याची मुभा मिळते. वाघ मिळत नाही. तो विक्रीला काढलेलाच नाही, कारण तो कुणाच्या मालकीचा नाही. पण आपण सिनेमाच्या तिकिटाच्या सवयीने जातो. पैसे दिले, आता पडदा उघडा. पडदा उघडला नाही की आपण ज्याच्यावर जोर चालतो त्याच्यावर चालवतो, आणि जंगलात आपला जोर दोनच माणसांवर चालतो.

नियम नाहीत असे नाही. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पर्यटन पुन्हा सुरू झाले. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरायचा नाही, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचे, त्याला घेरायचे नाही, हे सगळे त्यांत आहे. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात २०१८ च्या डिसेंबरपासून मोबाइल नेण्यावर बंदी घालण्यात आली. म्हणजे आम्ही २०१९ साली जे केले ते नियम ठाऊक नसल्यामुळे केले असे म्हणायला जागा नाही. चालकाने आम्हाला नियम सांगितला होता. आम्ही त्याची किंमत विचारली.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. ती चित्रे देशभर पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. बातमी वाचताना आमच्या पोटात खड्डा पडला. पाच पिल्ले! आमच्या वेळी एकच होते. शिक्षा योग्यच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गाड्यांत मागे बसलेल्यांपैकी कुणी “भाऊ, थोडी पुढे घ्या ना” म्हणाले नसेल का? आम्हाला तर ते वाक्य चित्रातून ऐकू येत होते. जो मागणी करतो तो ‘पाव्हना’ ठरतो आणि जो मागणी पुरवतो तो गुन्हेगार. बाजारात अनेक ठिकाणी हेच चालते. बालमजुरीच्या विरोधात वर्गात निबंध लिहून घेणारे आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर लहान पोराच्या हातून चहा घेतोच की.

कुणी म्हणेल, वाघ एवढा बलदंड प्राणी, चार गाड्यांनी त्याचे काय बिघडते? या प्रश्नाचे एक उत्तर शास्त्रज्ञांनी दिले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी कान्हा आणि बांधवगड येथील वाघांची विष्ठा तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पर्यटनाच्या हंगामात वाघांमधील ताणाशी निगडित संप्रेरके, पर्यटन बंद असतानाच्या काळापेक्षा वाढलेली आढळली, आणि गाड्यांच्या संख्येशी त्यांचा संबंध दिसला. म्हणजे आपण निघून जातो, पण आपल्या भेटीची नोंद त्याच्या शरीरात राहते.

दुसरे उत्तर आम्हाला बी.एड.च्या वर्षाने दिले आहे. सराव पाठ असत तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षक येऊन बसत. ते काही बोलत नसत, नुसते पाहत आणि वहीत लिहीत. तरी आमच्या हातातला खडू तुटायचा, येत असलेला शब्द आठवत नसे, एरवी बडबडी मुले मुकी होत. पाहिले जाणे ही काही रिकामी गोष्ट नाही, त्याचे ओझे असते. आम्हाला वर्षातून काही पाठांपुरते ते ओझे होते आणि त्याचे गुण मिळत. पाण्यावर येणाऱ्या वाघिणीला ते हंगामभर रोज दोन वेळा असते. शिवाय ती आम्हाला बोलवायला आली नव्हती.

इखवान-उस-सफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बसऱ्याच्या विद्वानांनी दहाव्या शतकात एक अजब कथा लिहिली. तिचा उर्दू तर्जुमा मौलवी इकराम अली यांनी १८१० साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केला, त्यामुळे उर्दू गद्याचा इतिहास शिकवताना तिचे नाव घ्यावेच लागते. बहुतेक शिक्षक नाव आणि सन सांगून पुढे जातात, परीक्षेला तेवढेच येते. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. कथा अशी की माणसांच्या जुलमाने त्रासलेली जनावरे जिन्नांच्या बादशहाकडे फिर्याद घेऊन जातात. माणसे म्हणतात, ही आमची गुलाम आहेत. मग एकेक जनावर उठून विचारते, पुरावा काय? हिंस्र जनावरांच्या वतीने कोल्हा वकिली करतो. शेवटी बाजू माणसाचीच वरचढ ठरते, लिहिणारी माणसेच होती. पण तिथवर पोहोचण्यासाठी माणसाला आपण श्रेष्ठ का, हे भर दरबारात सांगावे लागते आणि त्याचा एकेक दावा खोडला जातो. वाघीण त्या रपट्यावर उभी राहिली तेव्हा आमच्याजवळ कोणता दावा होता? पाचशे रुपयांची नोट, एवढाच. त्या दरबारात ती चालली नसती.

मात्र वाघाची बाजू घेताना एक चूक होऊ शकते आणि शहरातून येणारे पुष्कळ वन्यप्रेमी ती करतात. जंगलात वाघ एकटाच राहतो, असे ते धरून चालतात. ताडोबा हे नावच पाहा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल तारू नावाच्या गोंड प्रमुखाच्या नावाने ओळखले जाते. वाघाशी झुंजताना तो मेला अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे, पौष महिन्यात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. वाघाने मारलेल्या माणसाला देव करणाऱ्या लोकांनी वाघाला शत्रू ठरवून संपवले नाही, हे आम्हाला फार मोठे वाटते. याच जंगलाच्या पोटातून २००७ पासून पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे उठवून बाहेर वसवण्यात आली. आपल्या गाड्या आज ज्या मोकळ्या कुरणांत चितळांचे कळप पाहायला थांबतात, त्यांतली काही कुरणे कालपरवापर्यंत कुणाची शेते होती, कुणाची अंगणे होती. वाघासाठी घर सोडणारे ते लोक आणि वाघासाठी तिकीट काढणारे आम्ही, यांत वाघावर उपकार कुणाचे?

आता चुलत्यांच्या त्या वाक्याकडे येऊ. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज होता, २०२२ च्या गणनेत तो ४४४ वर गेला. आनंद वाटावा अशीच ही वाढ आहे. पण हे वाघ फाटकाच्या आतच राहतात असे नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याच उन्हाळ्यात, त्याच जिल्ह्यात, वाघ दिसावा म्हणून लोक हजारो रुपये भरून रांगेत उभे होते. आम्ही कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. एकाला वाघ दिसावा म्हणून मन्नत मागावी लागते आणि एकीला तो दिसू नये म्हणून, आणि दोघांचे वाघ एकाच रक्ताचे. पर्यटकाने निदान एवढे मनात ठेवावे की त्याच्यासाठी जो थरार आहे त्याचे बिल कुणीतरी आधीच भरत आहे. गाइड होऊन चार पैसे मिळवणारा तो तरुण त्याच गावांतला असतो. प्रवेशशुल्काचा काही भाग बफरमधील गावांकडे जातो, काही गावांत त्यातून बरी कामे झाली आहेत. ते अधिक आणि उघडपणे व्हावे, एवढे म्हणून हा विषय सोडतो, कारण त्याचा हिशेब मांडायला आमच्यापेक्षा जाणती माणसे हवीत.

मग जाऊच नये काय? आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी हेच म्हणाले. “गुनाह का डर है तो घर बैठो.” आम्हाला ते पटले नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणसाला माया वाटत नाही. मुलांना तर नाहीच. आणि जंगलात पर्यटक असले की चोरट्या शिकाऱ्याला वचक बसतो, असाही एक युक्तिवाद असतो. त्याच्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. राजस्थानातील सरिस्का हे पर्यटकांचे आवडते जंगल होते, तरी २००४-०५ च्या सुमारास तिथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. पर्यटक म्हणजे पहारेकरी नव्हे. तो पाहुणाच. तेव्हा चर्चा पाहुण्याच्या वागण्याचीच करावी लागते.

आपल्या घरांत ती रीत नवीन नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना बाहेरून सलाम करावा, इजाजत मागावी, तीनदा मागूनही उत्तर आले नाही तर परत फिरावे, आणि ‘आता नको’ असे उत्तर आले तर मनात काही न ठेवता परत फिरावे, हे आपण लहानपणी मकतबमध्ये शिकलो आहोत. पहिला भाग सर्वांना पाठ असतो. शेवटचा भाग कठीण आहे. रागावल्याशिवाय परत फिरणे. ज्याने दार उघडले नाही त्याचीही काही अडचण असेल, तो झोपला असेल, घरात लेकरे असतील, किंवा काहीच कारण नसेल आणि त्याला नुसते भेटायचे नसेल. तोही त्याचा हक आहे. वाघ न दिसणे हे आम्ही इतके दिवस नशीब समजत होतो, कधी गाइडची कसूर समजत होतो. ते एक उत्तर आहे, हे आम्हाला फार उशिरा सुचले. वानर खाकरते, चितळ शेपटी वर करून उभे राहते, गवत हलते, आणि कुणी बाहेर येत नाही. घरात कुणीतरी आहे आणि ते येऊ इच्छीत नाही. अशा वेळी दाराला कान लावून बसू नये, एवढे तर आपल्याला ठाऊक आहे.

त्याच शैक्षणिक वर्षात, २०२० च्या जानेवारीत, आम्ही सातवीच्या दहा मुलामुलींना घेऊन पुन्हा त्याच फाटकावर गेलो. पालकांनी वर्गणी काढली होती, दोन गाड्या केल्या होत्या. आधी वर्गात मे महिन्यातली सगळी गोष्ट सांगितली, या वेळी नोटेसकट. मुले गप्प बसली. शिक्षकाची अशी गोष्ट ऐकण्याची त्यांना सवय नसते. एकाने फक्त एवढेच विचारले, “फिर उसका बच्चा मिला क्या उसको?” आम्हाला ठाऊक नव्हते.

गाड्या नंबराप्रमाणे लागतात, म्हणून तो चालक आमच्या वाट्याला आला नाही. तो गाइड फाटकावर होता, त्याने दुसऱ्या गाडीतून हात केला. थंडी कडक होती. मुलांनी माफलर बांधले होते, एकाच्या आईने डब्यात शिरखुर्मा दिला होता आणि तो बाहेर काढायचा नाही म्हणून तो हिरमुसला होता. आम्ही सकाळची संपूर्ण फेरी फिरलो. नीलगाय, मोर, तलावावरची बदके, अस्वलाने उकरलेले वारूळ. वाघ नाही. मुलांना त्याचे फार वाटले असेही नाही. त्यांना गाइडने मोहाच्या झाडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, तेव्हा ती अधिक हरखली.

परतीच्या वाटेवर, सकाळी ज्या रस्त्याने गेलो होतो त्याच रस्त्यावर, चालकाने गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवले. धुळीत आमच्याच गाडीच्या चाकांची सकाळची नक्षी होती. त्या नक्षीवर, तिला दाबून, पंजांचे ठसे उमटले होते. एकामागून एक, बऱ्याच अंतरापर्यंत, आम्ही गेलो त्याच दिशेने. ठसे वरून आहेत, म्हणजे ती आपल्यानंतर चालली आहे, असे गाइडने मुलांना समजावले. किती वेळ झाला? तासभरही नसेल, तो म्हणाला. पुढे ठसे वळून बांबूत गेले होते.

प्रश्न विचारणारी ती मुलगी गाडीच्या कडेवरून वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “देखा था सर. आपन को देखा था.”

बांबूच्या बाजूने वानर एकदा खाकरले. चालकाने इंजिन बंद केले नव्हते. फाटक बंद व्हायला वीस मिनिटे होती, आणि बांबूकडे जाणारी एक गाडवाट होती. तो आरशातून आमच्याकडे पाहत थांबला. आम्ही म्हणालो, “चला भाऊ, वेळ झाली.”